जुन्या पिनबॉलच्या जाहिरातीत खेळणारा माणूस का नसतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मामांच्या कपाटात तुम्हाला तीन जुने कागद सापडले. तिन्ही अमेरिकेतल्या पिनबॉल यंत्रांच्या, म्हणजे नाणं टाकून काचेखालच्या पटावर गोळी खेळवायच्या यंत्रांच्या, जाहिराती. एक ‘बॅलीहू’ची, एक ‘जिगसॉ’ची, जिच्या कोपऱ्यात गरुडाचं चिन्ह आहे, आणि एक ‘हम्प्टी डम्प्टी’ची. तुम्ही उपयोजित कला शिकता, म्हणून तुम्हाला एक गोष्ट खटकली: खेळाची जाहिरात असून तिन्हींत खेळणारा माणूस कुठेच नाही. यंत्र आहे, ठळक अक्षरं आहेत आणि सगळी भाषा कमाईची आहे. ही जाहिरात फसलेली म्हणायची का, आणि हे कागद अस्सल आहेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात, वडिलांच्या छापखान्यात वाढले. ते ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापायचे, आणि शाळेतून आल्यावर खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, सोडवून खणांच्या केसमध्ये परत लावायचं काम माझ्याकडे असायचं. गेली २२ वर्षं मी शिकागोजवळ जुन्या छापील कागदांची दुरुस्ती आणि जतन करते. पिनबॉलचा धंदा याच शहरात वाढला, त्यामुळे माझ्या टेबलावर त्याचे कागद सतत येत असतात. या कागदांवर माझा जीव आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

खेळणारा माणूस नाही, कारण ही जाहिरात त्याच्यासाठी छापलेलीच नव्हती. पिनबॉलचं यंत्र ज्या दुकानात असायचं त्या दुकानदाराच्या मालकीचं ते बहुधा नसायचं. मालक असायचा ऑपरेटर. तो कारखान्याच्या वितरकाकडून पाच-पन्नास यंत्रं विकत घ्यायचा आणि सिगारेटचं दुकान, औषधांचं दुकान, खाणावळ, केशकर्तनालय अशा ठिकाणी एकेक ठेवायचा. दुकानदाराने कोपरा द्यायचा, ऑपरेटरने ठरावीक दिवशी किल्ली घेऊन यायचं, गल्ला उघडायचा, नाणी मोजायची आणि वाटणी करायची. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर वजनाचं यंत्र असायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. ते तिथे कोणी उभं केलं आणि त्यातली नाणी कोण नेतं, हे आपण कधी विचारलं नाही. पिनबॉल खेळणाऱ्यालाही ते ठाऊक नसायचं. जाहिरात होती ती त्या किल्लीवाल्या माणसासाठी.

त्याच्या डोक्यातला हिशेब तुम्ही एकदा मांडून पाहा, म्हणजे जाहिरातीतला प्रत्येक शब्द जागेवर बसेल. १९३१ साली डेव्हिड गॉटलीब यांच्या शिकागोतल्या कंपनीने ‘बॅफल बॉल’ बाजारात आणला. किंमत १७.५० डॉलर. एका सेंटात एक डाव. म्हणजे यंत्राचे पैसे सुटायला १,७५० डाव. दुकानदाराशी निम्मी-निम्मी वाटणी धरली तर ३,५००. रोज शंभर डाव झाले असं धरलं तर पस्तीस दिवस. त्यापुढचं प्रत्येक नाणं नफ्याचं. ऑपरेटर कागद हातात घेऊन हेच आकडे मांडत बसायचा. एखादा हसरा तरुण यंत्राशी खेळतोय, हे चित्र त्याच्या काय कामाचं? त्याला यंत्र किती जागा अडवतं, काच मजबूत आहे का, कुलूप कसं आहे, गल्ला किती मोठा आहे आणि माल कधी मिळेल हे हवं होतं. चित्रात यंत्र एकटं उभं असतं, पायांपासून वरपर्यंत पूर्ण दिसेल असं, कारण खरेदी करणारा ते एखाद्या बैलासारखं चहूबाजूंनी न्याहाळणार होता.

हा काळ मंदीचा होता, हेही विसरू नका. नोकऱ्या गेलेल्या, खिशात चिल्लर. एका सेंटात पाच-सात गोळ्या मिळणारी करमणूक लोकांना परवडत होती, आणि थोड्या भांडवलात सुरू होणारा धंदा शोधणारी माणसंही पुष्कळ होती. ‘बॅफल बॉल’ पन्नास हजारांच्या वर विकला गेला. ही यंत्रं घेणाऱ्यांतले कितीतरी जण या धंद्यात अगदी नवखे होते. त्यांना खेळ समजावून सांगण्याआधी धंदा समजावून सांगावा लागत होता. १९३१–३२च्या जाहिराती वाचताना मला नेहमी जाणवतं की तो मजकूर एखाद्या घाबरलेल्या माणसाला धीर देण्यासाठी लिहिलेला आहे: एक यंत्र घे, आठ-दहा दिवस ठेवून बघ, पटलं नाही तर परत कर.

खेळ मात्र नवा नव्हता. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत बगाटेल खेळला असाल: लाकडी पट, खिळ्यांची कुंपणं, लोखंडी गोळ्या आणि उजवीकडे स्प्रिंगचा दट्ट्या. तो स्प्रिंगचा दट्ट्या १८७१ सालच्या अमेरिकी पेटंटमध्ये आहे. माँटेग्यू रेडग्रेव्ह हे इंग्लंडहून आलेले गृहस्थ ओहायोतल्या सिनसिनाटीत बगाटेल बनवायचे, त्यांचं ते पेटंट. त्याआधी गोळी काठीने ढकलत. साठ वर्षांनी याच पटावर काच बसली, नाणं टाकायची फट आली आणि धंदा उभा राहिला. ओहायोच्याच यंग्सटाऊनमध्ये बनलेला ‘व्हिफल’ही १९३१चा.

आता तुमच्या पहिल्या कागदाकडे येते, कारण तिन्हींत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. रेमंड मलोनी हे ‘बॅफल बॉल’ विकणाऱ्या वितरकांपैकी एक. मागणी इतकी की गॉटलीबकडून त्यांना पुरेशी यंत्रं मिळेनात. मग त्यांनी आपल्या लायन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतून स्वतःचा खेळ काढला. १९३२च्या तोंडावर आलेला हा खेळ म्हणजे ‘बॅलीहू’. सात महिन्यांत पन्नास हजार यंत्रं गेली, आणि पुढे कंपनीचं नावच या खेळावरून ‘बॅली’ झालं.

नाव कुठून आलं ते पाहा. ‘बॅलीहू’ म्हणजे गाजावाजा, डांगोरा. जत्रेत तंबूबाहेर उभा राहून ‘या, या, आत काय आहे बघा’ असं ओरडणाऱ्या माणसाचा तो आरडाओरडा. १९३१ साली याच नावाचं एक विनोदी मासिक निघालं होतं, नॉर्मन अँथनी त्याचे संपादक. साबण, टूथपेस्ट, सिगारेट यांच्या ऐटबाज जाहिरातींची नक्कल करून टर उडवणं, हा त्या मासिकाचा मुख्य उद्योग. मंदीत होरपळलेल्या वाचकाला ते इतकं भावलं की काही महिन्यांत खप दहा लाखांच्या वर गेला. मलोनींनी ते नाव उचललं आणि मुखपृष्ठाचे भडक रंगही पटावर आणले. म्हणजे जाहिरातींची खिल्ली उडवणाऱ्या मासिकाची लोकप्रियता एका यंत्राची जाहिरात करायला वापरली गेली, आणि तीही जवळजवळ फुकट. मासिक प्रत्येक पेपरस्टॉलवर टांगलेलं. शेजारच्या दुकानात त्याच रंगाचं, त्याच नावाचं यंत्र. खेळणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरजच उरली नाही.

सुरुवातीच्या पिनबॉलची जाहिरातकला समजून घ्यायची असेल तर इथे थांबा. खेळणाऱ्याला उद्देशून असलेली जाहिरात कागदावर नव्हती. ती यंत्राच्या नावात आणि पटाच्या रंगात होती. कागद ऑपरेटरला पटवायचा, यंत्र स्वतः खेळणाऱ्याला बोलवायचं. तुमच्या अभ्यासासाठी हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही.

तुमचा दुसरा कागद याचंच पुढचं उदाहरण आहे. डेव्हिड रॉकोला यांच्या कंपनीचा ‘जिगसॉ’ १९३३चा. त्या वर्षी अमेरिकेत जिगसॉ कोड्यांचं वेड पसरलेलं आणि शिकागोत ‘शतकाची प्रगती’ नावाचं जागतिक प्रदर्शन भरलेलं. रॉकोलांनी दोन्ही गोष्टी एका पटावर आणल्या: गोळी योग्य भोकात पडली की कोड्याचा तुकडा उलटतो आणि हळूहळू प्रदर्शनाचं चित्र पूर्ण होतं. पुढच्या वर्षी त्यांनी बेसबॉलवरचा ‘वर्ल्ड्स सीरीज’ काढला. स्वतःच्या आडनावाच्या मध्ये आडवी रेघ घालून ‘रॉक-ओला’ असं छापायला त्यांनी सुरुवात केली, ती लोकांनी उच्चार नीट करावा म्हणून. ज्यूकबॉक्सवर ते नाव तुम्ही पाहिलं असेल. रॉक संगीत त्यानंतर खूप वर्षांनी आलं. त्याचा या नावाशी काही संबंध नाही.

या जाहिराती छापून यायच्या त्या धंद्याच्या साप्ताहिकांत आणि मासिकांत. त्यांतलं सर्वांत मोठं ‘बिलबोर्ड’. आज गाण्यांच्या क्रमवारीसाठी जे ओळखलं जातं तेच. त्याचा जन्मच जाहिरातीतला: १८९४ साली सिनसिनाटीत ते भिंतीवर पोस्टर चिकटवणाऱ्या धंद्यासाठी निघालं. मग सर्कस, जत्रा, नाटकमंडळ्या करत करत १९३०च्या दशकात त्याच्या मागच्या पानांत नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा मोठा विभाग आला. शिवाय ‘ऑटोमॅटिक एज’सारखी फक्त याच धंद्याची मासिकं होती, आणि १९४२पासून ‘कॅश बॉक्स’. तुमचे पहिले दोन कागद अशाच पानांवरून कापलेले दिसतात, कारण कडेचा शिरोभाग अर्धा उरला आहे.

या पानांची मांडणी मी लहानपणापासून ओळखते असं मला वाटतं, जरी ती परक्या भाषेत असली तरी. वडिलांकडे नाटकाची हँडबिलं यायची: सगळ्यात वर मोठ्या लाकडी खिळ्यांत नाव, मध्ये चित्राचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, खाली दर आणि वेळ, आणि जी जागा उरेल तिथे उद्गारचिन्हं. इथेही तेच. वर हाताने रेखलेलं नाव, मध्ये यंत्राचा हाफटोन ब्लॉक, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छापलेलं छायाचित्र, त्याभोवती बाण काढून एकेक वैशिष्ट्य, खाली किंमत एका चौकटीत. छायाचित्र बहुधा एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या लेखणीने, हात फिरवून स्वच्छ केलेलं असतं. पटावरची खिळ्यांची रांग छपाईत गिचमिड होऊ नये म्हणून प्रत्येक खिळ्याला वेगळी चमक दिलेली दिसते. ते काम करणाऱ्या अनाम कारागिरांबद्दल मला फार आदर आहे. बारीक भिंगातून पाहिलं की त्यांचा हात कुठे थांबला, तेही कळतं.

तळाशी बारीक अक्षरांत अटी असतात: एक तृतीयांश रक्कम ऑर्डरबरोबर, उरलेली माल हातात आल्यावर, आणि शिकागोपासूनचं भाडं घेणाऱ्याचं. विद्यार्थी या ओळी सोडून देतात. तुम्ही सोडू नका. या अटींवरून धंद्याची नस कळते. उधारी नाही, विश्वास कमी, आणि कारखान्याला आधी रोख हवी, कारण तो स्वतःही त्याच रोखीवर पुढचा माल बनवतो.

एका बाबतीत सावध राहा. ‘विक्रमी मागणी’, ‘कारखाना रात्रंदिवस चालू’, ‘ऑर्डरी आवरेनात’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत आहेत, जे खेळ सपशेल पडले त्यांच्याही. विक्रीचा आकडा जाहिरातीवरून उचलून इतिहास म्हणून लिहिलेला मी कितीदा पाहिला आहे. जाहिरातीवरून कळतं ते विकणाऱ्याला काय सांगावंसं वाटलं. किती विकलं ते कळत नाही.

१९३३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि यंत्रं ठेवायला हजारो नवे बार उपलब्ध झाले. त्याच वर्षी पिनबॉलच्या यंत्रात वीज आली. हॅरी विल्यम्स यांनी लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक अम्यूझमेंट कंपनीसाठी ‘काँटॅक्ट’ बनवला. त्यात विशिष्ट भोकात गोळी गेली की विजेच्या झटक्याने ती परत पटावर फेकली जायची आणि घंटा वाजायची. नावच विजेच्या जोडणीवरून. घंटेचा आवाज दुकानभर जायचा, म्हणजे यंत्र आता खरोखरच डांगोरा पिटू लागलं. १९३६च्या अखेरीस बॅलीच्या ‘बंपर’ने पटावरची भोकंच काढून टाकली, गोळी स्प्रिंगच्या खांबांवर आपटत खाली यायची आणि गुण मागच्या पेटीवर उजळायचे.

ही मागची पेटी महत्त्वाची आहे. १९३०च्या मध्यापासून यंत्राच्या माथ्यावर दिवे असलेली उभी पेटी आणि तिच्यावर रंगवलेली काच आली. बारमधल्या अंधारात ती काच दुरून दिसायची. तिच्यावरची चित्रं कोण छापायचं? शिकागोतली ‘ॲडव्हर्टायझिंग पोस्टर्स’ नावाची कंपनी. बऱ्याच कारखान्यांच्या काचा तिने स्क्रीनने छापल्या, आणि जॉर्ज मोलेंटिन, पुढे ख्रिश्चन मार्श यांच्यासारखे चित्रकार तिथे काम करत. कंपनीचं नाव पुन्हा एकदा वाचा. जिचं मूळ काम जाहिरातीचं, तिने खेळाचा चेहरा घडवला. पोहण्याच्या कपड्यांतल्या बायका, घोड्यांच्या शर्यती, समुद्रकिनारे, बेसबॉल, हे सगळे त्या काळच्या पोस्टरचेच विषय. बायकांची ती चित्रं मला आवडत नाहीत. बारमधल्या पुरुषाची नजर खेचायची एवढाच त्यांचा उद्देश होता आणि तो चित्रात उघड दिसतो. पण तुम्ही अभ्यास करताय, म्हणून ती वगळू नका.

जाहिरात लिहिणारेही या धंद्यात नावाजलेले होते. मिल्स नॉव्हेल्टी या शिकागोच्या मोठ्या कंपनीचा जाहिरातप्रमुख जेम्स मँगन. या माणसाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस पृथ्वीबाहेरच्या सगळ्या अवकाशावर आपला हक्क सांगून ‘सेलेस्टिया’ नावाचं राष्ट्र जाहीर केलं आणि कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या, दफ्तरात त्याची नोंदही मागितली. ज्याची कल्पनाशक्ती एवढी मोकाट सुटू शकत होती, त्याने नाणी खाणाऱ्या यंत्रांची जाहिरात किती उत्साहाने लिहिली असेल, ते तुमच्या लक्षात येईल.

मग कायदा आडवा आला. काही यंत्रं थेट पैसे देणारी होती. बॅलीच्या १९३३च्या ‘रॉकेट’मध्ये जिंकलेली नाणी आपोआप बाहेर यायची. जिथे तसं नव्हतं तिथे दुकानदार काउंटरवरून बक्षीस द्यायचा. त्यामुळे शहरांनी पिनबॉलकडे जुगार म्हणून बघायला सुरुवात केली. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी जानेवारी १९४२मध्ये बंदी आणली आणि जप्त केलेली यंत्रं घणाने फोडतानाची त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. ही बंदी १९७६पर्यंत टिकली. शिकागोत, म्हणजे जिथे ही यंत्रं बनत होती त्याच शहरात, ती कित्येक वर्षं खेळायला मनाई होती.

या दबावाने जाहिरातीची भाषा बदलली, आणि तो बदल कागदावर स्पष्ट दिसतो. आधी ऑपरेटरला कमाई सांगायची होती; आता ‘हे फक्त करमणुकीसाठी आहे’ हेही सांगावं लागलं. यंत्रांवरच तसं छापलं जाऊ लागलं. पुढे गॉटलीबच्या पत्रकांवर एक ओळ यायची, तिचा अर्थ असा की करमणुकीचा पिनबॉल हा बेसबॉल आणि हॉट डॉगइतकाच अस्सल अमेरिकी आहे. ही ओळ नगरसेवक, न्यायाधीश आणि ऑपरेटरच्या बायकोसाठी लिहिलेली आहे. जिंकल्यावर फुकट डाव मिळणं हेही काही ठिकाणी जुगारात मोजलं जाई, म्हणून १९६०मध्ये गॉटलीबने ‘फ्लिपर’ नावाच्या यंत्रात फुकट डावाऐवजी जादा गोळी द्यायला सुरुवात केली. कायद्याच्या एका कलमाने खेळाचा नियम बदलला आणि जाहिरातीला नवा मुद्दा मिळाला.

युद्धकाळाबद्दल थोडंच सांगते. १९४२मध्ये नवी यंत्रं बनणं थांबलं, कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. मग जुन्या यंत्रावर नवी काच आणि नवं नाव चढवून विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या जाहिरातींत शत्रूला ठोकण्याच्या घोषणा आहेत, आणि जपानी लोकांबद्दलची भाषा अतिशय ओंगळ आहे. हे कागद जपले पाहिजेत, पण मी ते काम हातात घेते तेव्हा मालकाला त्यांचा संदर्भ शेजारी लिहून ठेवायला सांगते.

तुमचा तिसरा कागद ‘हम्प्टी डम्प्टी’चा. १९४७ साली गॉटलीबचे डिझायनर हॅरी मॅब्ज यांनी पटावर सहा छोटे पंख बसवले, दोन्ही बाजूंना तीन-तीन. बटण दाबलं की पंख गोळीला परत वर फटकावायचा. जाहिरातीत त्यांना ‘फ्लिपर बंपर’ म्हटलं गेलं. तोवर खेळणाऱ्याच्या हातात दट्ट्या ओढणं आणि यंत्राला हलका धक्का देणं एवढंच होतं. या यंत्राची ६,५०० नगं बनली, आणि हा एक शब्द जाहिरातीत इतका चालला की काही महिन्यांत पंखांशिवायचं यंत्र विकणं मुश्कील झालं. त्यानंतरच्या पानांत जुन्या यंत्रांना फ्लिपर बसवून देणाऱ्या संचांच्या जाहिरातीही दिसतात. आजच्यासारखे खालच्या टोकाला दोनच पंख ठेवले ते जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेक यांनी, ‘ट्रिपल ॲक्शन’मध्ये, १९४८च्या जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी.

‘हम्प्टी डम्प्टी’च्या जाहिरातीत पहिल्यांदा खेळणाऱ्याची सावली पडते, असं माझं मत आहे. चित्रात तो अजून नाहीच, पण मजकूर सांगतो की खेळावर ताबा खेळणाऱ्याचा आहे. ऑपरेटरला हे का सांगायचं? दोन कारणं. ताबा आहे असं वाटलं की माणूस पुन्हा नाणं टाकतो. आणि ताबा आहे म्हणजे कौशल्य आहे, कौशल्य आहे म्हणजे जुगार नाही, हे न्यायालयात सांगता येतं.

आता अस्सल-नक्कलचं. फोटोवरून शेवटचा शब्द देता येत नाही, पण काय पाहायचं ते सांगते.

पत्ता आधी वाचा. अमेरिकेत १९४३मध्ये शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग लिहायला सुरुवात झाली आणि १९६३मध्ये पाच आकडी क्रमांक आला. गॉटलीबचा पत्ता ‘११४० नॉर्थ कॉस्टनर ॲव्हेन्यू, शिकागो ५१’ असा छापलेला असेल तर कागद या वीस वर्षांतला. तुमच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर तो ५१ आहे, ते १९४७शी जुळतं. ‘बॅलीहू’च्या कागदावर असा आकडा असता तर मी लगेच शंका घेतली असती. तसंच ‘पिनबॉल’ हा शब्द रुळला तो १९३६च्या सुमाराला. त्याआधी पिन गेम, पिन टेबल, मार्बल गेम असं म्हणत.

गरुड हा तर उत्तम पुरावा. तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारच्या राष्ट्रीय पुनरुत्थान योजनेचा निळा गरुड. योजना १९३३च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि मे १९३५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. सहभागी कंपन्या तो आपल्या जाहिरातींत छापत. तुमचा ‘जिगसॉ’ १९३३चा, गरुड आहे, म्हणजे पान त्या वर्षाच्या उत्तरार्धातलं किंवा जरा नंतरचं.

मग दहापट भिंग घ्या. त्या काळची मासिकं बहुतेक खिळ्यांनी आणि ब्लॉकनी छापलेली. अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन बारीक गडद किनार दिसते, आणि कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरला तर पाठीवर अक्षरांचा हलका उठाव बोटाला लागतो. हाफटोनचे ठिपके ओळीत, स्वच्छ असतात. संगणकाच्या छपाईत शाईचे कण विस्कटलेले दिसतात. जुन्या छापील पानाचं स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर ठिपक्यांवर ठिपके चढून सपाट रंगात लाटांसारखी जाळी उमटते.

जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचा छोटा दिवा मिळाला तर अंधारात धरून पाहा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत १९५०च्या आसपास पसरली. युद्धापूर्वीचा कागद या दिव्याखाली मंद, मळकट राहतो. निळसर पांढरा चकाकला तर तो ‘बॅलीहू’च्या काळचा नाही. पाठीमागची बाजूही वाचा: मासिकातून कापलेल्या पानाच्या मागे दुसऱ्या कोणाची तरी जाहिरात किंवा बातमी असलीच पाहिजे. पहिल्या दोन कागदांच्या मागे ती आहे असं तुम्ही लिहिलंय, ते चांगलं लक्षण.

जतनाचं सोपं आहे. लॅमिनेशन करू नका, कधीच नाही. सेलोटेप लावू नका. माझ्याकडे येणाऱ्या कागदांचं सर्वाधिक नुकसान टेपनेच झालेलं असतं. बाजारातल्या वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात, त्या टाळा. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा घ्या. या कागदात लाकडाचा लगदा आहे, तो उजेडाने आणि दमटपणाने पिवळा पडून कडकतो. मुंबईत राहता, तर पावसाळ्यात लोखंडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीवर लावायचंच असेल तर रंगीत झेरॉक्स लावा आणि मूळ कागद आडवा, अंधारात ठेवा.

पहिले दोन कागद मला फोटोवरून खरे वाटतात. ‘हम्प्टी डम्प्टी’बद्दल मात्र मन साशंक आहे. पत्ता जुळतो, पण पत्ता नकलेतही जुळणारच. तुमच्या फोटोत मधोमध घडीची पांढरी रेघ दिसते, पण त्या रेघेवर कागद कुठेच उचललेला वाटत नाही आणि निळ्या भागात ती लाटांची जाळी आहे. खिडकीपाशी कागद सपाट ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, आणि स्वच्छ कोरड्या बोटाने त्या रेघेवरून हलकेच जा. घडी बोटाला लागली तर तोच उजेड ठेवून एक फोटो काढून मला पाठवा, मी पुन्हा बघते. बोटाला काहीच लागलं नाही, तर ती घडी दुसऱ्याच कुठल्या तरी कागदाची आहे आणि तुमच्याकडे तिचं छापलेलं चित्र आलं आहे.